एक दार, चार एकांकिका

एकाच प्रयोगात करायच्या चारही एकांकिकांमध्ये दार आहे, ही गोष्ट नाट्यमंडळाच्या लक्षात आली तेव्हा तालमी निम्म्याहून जास्त झाल्या होत्या. नवोदित लेखकांना दाराचं एवढं काय असतं कोण जाणे! लेखक नवा असला की त्याच्या नाटकात कुणीतरी दार ठोठावतंच. पात्रांची ओळख होते न होते तोच बाहेर टकटक होते, सगळे दचकून तिकडे बघतात, आणि पुढची दहा मिनिटं लेखकाची काळजी मिटते. पहिल्या एकांकिकेत मुलगी बापाशी भांडून दार धाडकन आपटून निघून जात होती. दुसरीत एका सज्जन गृहस्थाला कुणीतरी बाहेरून कडी घालून कोंडत होतं, आणि ते कुणी हे लेखकालाही शेवटपर्यंत ठरवता आलं नव्हतं. तिसरीत इन्स्पेक्टर लाथ मारून दार उघडत होता. चौथीत नवरा दाराबाहेर, बायको दाराच्या आत, आणि बंद दारातून चाललेलं त्यांचं बोलणं, एवढंच होतं.

ही चौथी एकांकिका चिटणीसांची.

चिटणीस हे त्यांचं आडनाव नव्हे, पद. हौशी नाट्यमंडळाचे ते इतकी वर्षं चिटणीस होते की पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, जिथे ते तक्रारींच्या खिडकीत बसत, तिथले लोकही त्यांना याच नावाने हाक मारत. मंडळात चिटणीसाचं काम काय, तर सगळं. हॉल ठरवणं, चहा सांगणं, रुसलेल्या नटाला घरून उचलून आणणं, त्याच्या घरचे रुसले असतील तर त्यांनाही समजावणं, आणि प्रयोगाच्या दिवशी विंगेत उभं राहून विसरलेली वाक्यं पुरवणं. दुसऱ्यांची वाक्यं पुरवता पुरवता पन्नाशी उलटली, आणि एक दिवस त्यांनी स्वतःची लिहिली.

यावर मंडळाच्या निवड समितीत खल झाला. पन्नाशी उलटलेला माणूस नवोदित कसा? शेवटी असं ठरलं की ज्याचं आजवर काहीही रंगमंचावर आलेलं नाही तो नवोदित. मग कुणीतरी म्हणालं, या हिशेबाने चिटणीस जन्मापासून नवोदित आहेत आणि इतका अनुभवी नवोदित आपल्याला दुसरा मिळायचा नाही. सगळे हसले. चिटणीसांना ते चांगलंच झोंबलं, पण एकांकिका निवडली गेली होती, म्हणून तेही हसले.

खरी गोष्ट वेगळीच होती आणि ती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. ती एकांकिका त्यांनी एकाच प्रेक्षकासाठी लिहिली होती, बायकोसाठी. एकांकिकेतला नवरा बाहेरून म्हणतो, मला घरी यायला आवडतं. जिना चढताना मला दरवेळी बरं वाटतं. पण हे मी तुला कधी सांगू शकलो नाही, कारण दार उघडलंस की तू आधी विचारतेस, दूध आणलं का? म्हणून आज दार उघडू नकोस. चिटणीसांना हे सगळं तिला सांगायचं होतं, पण समोर बसून वाचून दाखवायची छाती होत नव्हती. नाटकात दुसराच कुणीतरी बोलेल, ती अंधारात बसून ऐकेल, आपण विंगेत असू. लग्नाच्या बायकोशी मनातलं बोलायला याहून सोयीचं अंतर त्यांना सुचत नव्हतं. अडचण एवढीच की बायको मंडळाच्या नाटकांना येत नसे. ती शाळेत गणित शिकवायची. 'दिवसभर पोरांची नाटकं बघते, तेवढी पुरे,' म्हणायची. या वेळी मात्र तिने यायचं कबूल केलं होतं, आणि त्यामुळे चिटणीस हवेत होते.

तर, दार.

मंडळाच्या सुताराने प्लायवूडचं दार करून दिलं. दिसायला देखणं होतं. ते लावून केलेल्या पहिल्याच तालमीत मुलगी ते आपटून गेली, आणि दार, चौकट, शेजारची भिंत आणि भिंतीवरचं घड्याळ अशी सगळी मंडळी तिच्या मागोमाग घर सोडून निघाली. उघड्यावर बाप एकटा उरला आणि पुढचं वाक्य कुणाला म्हणावं ते त्याला कळेना.

दिग्दर्शक दातांचे डॉक्टर होते. दिवसभर लोकांच्या तोंडात खोटे दात बसवणाऱ्या या गृहस्थांना संध्याकाळी रंगमंचावर खोटं काहीही चालत नसे. चहाचा प्रसंग असला की खरा चहा लागे, तोही गरम, आणि तो चिटणीसांनी आणायचा.

"मला वजन हवंय, चिटणीस," डॉक्टर म्हणाले. "दार लागलं की ते प्रेक्षकाच्या छातीत लागलं पाहिजे. खरं दार पाहिजे. राहत्या घराचं."

"अहो डॉक्टर, राहत्या घराचं दार राहत्या घराला असतं."

"मग मी वेगळं काय म्हणतोय? कुणाच्या घराचं दार भरीव आहे, बोला."

सगळ्यांनी नुसतं चिटणीसांकडे बघितलं. इन्स्पेक्टरचं काम करणारा कॅशियर तर हरखून म्हणाला, "वहिनींचं दार! काय दार आहे! लागलं की आमच्या बँकेची तिजोरी आठवते." या सगळ्यांना इतकी वर्षं घरी बोलावून चहा पाजल्याचा चिटणीसांना त्या क्षणी मनापासून पश्चात्ताप झाला.

ते दार म्हणजे त्या घरात बायकोच्या मनासारखी झालेली एकमेव वस्तू. फरशी बिल्डरने ठरवली, पडदे सासूबाईंनी ठरवले, आणि चिटणीस तिच्या वडिलांनी ठरवले. दार मात्र तिने स्वतः लाकूड निवडून, सुताराच्या डोक्यावर बसून करवून घेतलं होतं. ते मागायचं कसं, या विचारात चिटणीसांनी तीन दिवस घालवले. त्या तीन दिवसांत त्यांनी घरात इतकी कामं केली की शेवटी बायकोनेच विचारलं, "काय पाहिजे तुम्हाला?"

त्यांनी सांगितलं.

"आणि घराला काय लावायचं?"

याचा विचार चिटणीसांनी केलाच नव्हता. "पडदा," ते म्हणाले.

शून्याने भागाकार करणाऱ्या पोराकडे ती वर्गात बघत असेल तसं तिने बघितलं. पण मग म्हणाली, "तुमचं पहिलंच लिखाण आहे. न्या. जसं नेताय तसं परत आणा म्हणजे झालं." चिटणीसांना एकदम भरून आलं. भरून आल्यावर माणसाला विचार करता येत नाही, नाहीतर ते तिथेच थांबले असते.

दार काढायच्या दिवशी वरच्या मजल्यावरचे काका न बोलावता हजर झाले. काका निवृत्त ओव्हरसियर. इमारतीत कुठेही स्क्रू फिरल्याचा आवाज आला की ते चष्मा पुसत खाली येत. "आधी खालची बिजागरी काढताय? चूक." चिटणीस वरच्या बिजागरीकडे वळले. "वरची काढताय? आणि आधार कुठाय?" चिटणीस आधार शोधायला गेले. "आता सोडून कुठे चाललात? दार अंगावर आलं असतं माझ्या!" शेवटी दार निघालं, चौकट भिंतीत राहिली, आणि चिटणीसांच्या डाव्या पायाचा अंगठा निळा पडला. काकांनी तोही तपासून बघितला आणि असं व्हायलाच हवं होतं असा अभिप्राय दिला.

खाली फाटकावर वॉचमनने टेम्पो अडवला. सामान बाहेर न्यायचं तर घर सोडत असल्याचं पत्र पाहिजे.

"अरे, मी घर सोडत नाहीये."

"मग दार कशाला नेताय, साहेब?"

या प्रश्नाला सरळ उत्तर होतं, पण रस्त्यावर उभं राहून ते देताना फार वाईट दिसत होतं. तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकू खिडकीत आल्या. "ती निघाली की तुम्ही?" त्यांनी हळूच विचारलं.

"काकू, फक्त दार चाललंय. नाटकाला."

"हो, हो. सुरुवातीला सगळे असंच सांगतात," काकू म्हणाल्या. वॉचमनने हळहळत टेम्पो सोडला, आणि संध्याकाळच्या आत सगळ्या इमारतीला ही बातमी पोचली.

आता हॉलच्या मॅनेजरकडे वळू. या माणसाविषयी चिटणीस आजही बोलायला लागले की त्यांना पाणी द्यावं लागतं. मॅनेजर हॉलच्या मागच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. त्याने टेम्पोतलं दार पाहिलं आणि मान हलवली. टेबल, खुर्ची, पलंग आत नेता येईल. ते फर्निचर. दार हे बांधकाम. बांधकामाला वरच्या कार्यालयाची परवानगी लागते.

चिटणीस वरच्या कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी विचारलं, दार कुठल्या भिंतीला बसवणार? रंगमंचाच्या मधोमध, नुसतं उभं, दोन्ही बाजू प्रेक्षकांना दिसतील असं, भिंत नाही, चिटणीसांनी सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला. भिंतीशिवाय दाराला परवानगी देता येत नाही, तशी सोयच नाही. मग भिंत बांधू का? भिंतीची परवानगी खालच्या मजल्यावर. खालच्या मजल्यावर गेल्यावर कळलं की ते साहेब जेवायला गेलेत, उद्या या. आयुष्यभर तक्रारीच्या खिडकीत बसून चिटणीसांनी स्वतः 'उद्या या' हे शब्द किती शांतपणे म्हटले होते! ते बाहेरच्या बाजूने ऐकू कसे येतात, हे त्यांना प्रथमच कळत होतं, आणि ते अजिबात चांगले ऐकू येत नव्हते.

या खिडकीतून त्या खिडकीत बरेच हेलपाटे घातल्यावर एका शहाण्या कारकुनाला चिटणीसांची दया आली. त्याने विचारलं, याच्या मागे एक फळी ठोकता येईल का? येईल की. मग हे कपाट. कपाटाला परवानगी लागत नाही. अशा रीतीने बायकोचं दार 'बाजू नसलेलं कपाट' म्हणून सन्मानाने हॉलमध्ये शिरलं. फळी ठोकताना चिटणीसांना जसं नेताय तसं परत आणा हे शब्द आठवले. दोन खिळे काही दिसत नाहीत, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

इकडे घरात हाहाकार होता.

घराला दार नसलं की काय होतं ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. चोरांचं सोडा, चोर एकही आला नाही. सभ्य माणसं आली. बेल भिंतीवर होती, चालू होती, पण तिला कुणी हात लावेना. उघड्या घराची बेल वाजवणं लोकांना आगाऊपणाचं वाटत असावं. ते सरळ पडदा सारून आत येत. कुरियरवाला पार्सल थेट चिटणीसांच्या मांडीवर ठेवून गेला. तिसऱ्या मजल्याचा पाहुणा चुकून आत शिरला, सोफ्यावर बसला, पाणी प्यायला, क्रिकेटचा स्कोअर विचारून घेतला आणि मग आपण चुकलो हे लक्षात आल्यावर उलट चिटणीसांवरच वैतागला. बायकोच्या विद्यार्थ्यांचे पालक गुणांची रदबदली करायला सकाळी चहाच्या वेळेस हजर होऊ लागले. आणि एका दुपारी चिटणीस जेवत असताना एक जोडपं आत आलं, खिडकी उघडून बघितली, भिंती वाजवून बघितल्या, आणि ती बाई नवऱ्याला म्हणाली, "हॉल लहान आहे, पण उजेड चांगला आहे." काकूंनीच त्यांना पाठवलं होतं. चिटणीस हातात घास घेऊन उभे राहिले आणि घर रिकामं होत नाहीये असं म्हणाले. त्या बाईने त्यांच्याकडे सहानुभूतीने पाहून विचारलं, "तुम्ही कधीपर्यंत आहात?"

घरात सतत कुणीतरी लागायचं. एक दिवस चिटणीसांनी रजा टाकली, एक दिवस बायकोने. संध्याकाळी वह्या तपासत ती खुर्ची घेऊन चौकटीतच बसायची, आणि जिन्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला "काय?" एवढंच विचारायची.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी चिटणीस तिला म्हणाले, "उद्या दुपारी तीनला. तुझ्यासाठी तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची ठेवलीय."

"मी कशी येणार?"

"म्हणजे?"

"घर उघडं टाकून?" तिने वहीतून मान वर केली. "तुम्हीच सांगा."

जिला ऐकवायचं म्हणून एकांकिका लिहिली, त्या एकांकिकेला खरं दार लागलं, आणि ते दार नेल्यामुळे तीच आता घरात अडकली होती. इतका साधा हिशेब पाणीपुरवठ्यातल्या माणसाला आधी दिसू नये, याची त्यांना इतकी चीड आली की त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. बायको म्हणाली, "असू दे. वाचायला द्या मला नंतर." ते वाचायला देण्यासारखं नव्हतं. वाचताना ती चुका काढत वाचते.

राखणीला माणूस शोधायला ते धावत सुटले. काका म्हणाले, छे, मला प्रयोगाला आलंच पाहिजे, बिजागऱ्या तिथे कुणी बसवल्यात ते बघायचंय. बाकी सगळी इमारतच येणार होती. आपल्या इमारतीचं दार नाटकात काम करतंय म्हटल्यावर मंडळाच्या आजवरच्या कुठल्याही नटाला मिळाला नाही असा प्रतिसाद मिळाला होता. उरल्या फक्त काकू.

"मला नाटकं आवडत नाहीत," काकू म्हणाल्या. "दुपारी मी पडते जरा. जाग आली की वर जाऊन बसेन, मग तिला पाठवते."

"जाग कधी येते, काकू?"

"ती काय सांगून येते का?"

रविवारी दुपारी तिसरी घंटा झाली तेव्हा तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची रिकामी होती. पहिल्या एकांकिकेत मुलीने दार आपटलं. काय आवाज झाला! पुढच्या रांगेतले एक आजोबा जागे होऊन उभे राहिले. डॉक्टरांनी विंगेतून चिटणीसांच्या पाठीवर थाप मारली, "बघा, वजन!" दुसऱ्या एकांकिकेत कडी लागली ती शेवटच्या रांगेत ऐकू गेली. विंगेतून चिटणीसांचा एक डोळा संहितेवर आणि एक खुर्चीवर. खुर्ची रिकामीच.

तिसऱ्या एकांकिकेची एक गोम होती. इन्स्पेक्टरने लाथ मारली की दार उघडलं पाहिजे, पण ते खरं दार, त्याची खरी कडी. लाथेने थोडंच उघडणार? म्हणून डॉक्टरांनी योजना केली होती. लाथेच्या आधी चिटणीसांनी विंगेत खोकायचं. खोकला ऐकला की आत लपलेल्या फरारी माणसाने हळूच कडी काढायची. फरारी माणसाचं काम ट्यूशनवाले सर करत. एकांकिकाही त्यांचीच. ते शिस्तीचे एकदम कडक. खोकल्याशिवाय कडीला हात नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि सरांनी ते मनावर घेतलं होतं.

इन्स्पेक्टर गरजला, "उघड! नाहीतर तोडून आत येईन!" आणि नेमक्या त्याच वेळी हॉलचं मागचं दार किलकिलं झालं, थोडा उजेड आत आला, आणि उजेडातून चिटणीसांची बायको आली. चप्पल न वाजवता, कुणाच्या पायाला लागू न देता ती तिसऱ्या रांगेपर्यंत आली आणि कडेच्या खुर्चीवर बसली. पदराने तिने कपाळ टिपलं. चिटणीस बघत राहिले. त्यांना इतका आनंद झाला की ते खोकायला विसरले.

इन्स्पेक्टरने लाथ मारली. दार ढिम्म. आत सर कडीपाशी हात नेऊन खोकल्याची वाट बघत होते. दुसरी लाथ. सर जागचे हलले नाहीत. शिस्त म्हणजे शिस्त. प्रेक्षकांत खसखस पिकली. कॅशियरच्या आयुष्यात त्याला लोक कधी हसले नव्हते, बँकेत त्याच्याशी सगळे आदबीने बोलत. तो लाल झाला, मागे सरकला, आणि सगळ्या अंगानिशी धावून आला. लाकूड फुटल्याचा आवाज झाला, तो मात्र प्लायवूडसारखा नव्हता. दार उभं चिरलं. एक अर्धं सरांच्या बाजूला, दुसरं कॅशियरखाली, आणि सुताराने केलेली नवी चौकट दोघांच्या मधे. सगळं शांत झाल्यावर चिटणीस खोकले.

टाळ्या थांबेनात. पडदा पडला. तिसऱ्या रांगेत टाळ्या न वाजवणारी एकच बाई होती.

"संपलं," डॉक्टर म्हणाले. "चौथी एकांकिका रद्द. दाराच्या एकांकिकेला दार नाही, काय करणार? मला खोटं चालत नाही."

मग मात्र चिटणीसांचा तोल गेला. इतकी वर्षं मंडळात त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता, तो आता पडद्याच्या पलीकडेही ऐकू गेला असावा. "रद्द? माझं घर धर्मशाळा झालं, माझ्या घरात लोक फ्लॅट बघायला येतात, मी माझ्या बायकोच्या दाराला कपाट म्हणवून घेतलं, आणि ती आत्ता येऊन बसलीय तर रद्द? करा नाटक! कसंही करा!" नवऱ्याचं काम कॅशियरच करणार होता आणि तो अजून धापा टाकत होता. बायकोचं काम करणाऱ्या ग्रंथपाल बाई पदर खोचून म्हणाल्या, "दार आहे असं धरू या. चला."

पडदा उघडला. रिकाम्या रंगमंचावर एक माणूस आणि एक बाई समोरासमोर उभी, हातभर अंतर, आणि दोघंही एकमेकांना दिसत नसल्यासारखी. कॅशियरने हवेत दार ठोठावलं. आवाज आला नाही. चिटणीसांनी घाईने विंगेतल्या रिकाम्या खोक्यावर टकटक केलं. प्रेक्षक हसले. मग बाई म्हणाली, "उघडणार नाही," आणि तिने त्या नसलेल्या दाराला पाठ लावली, आणि हसू विरून गेलं.

आता नवऱ्याचं मोठं भाषण. कॅशियरने तोंड उघडलं. त्याच्या डोक्यात मघाच्या टाळ्यांशिवाय काहीही उरलेलं नव्हतं. त्याने विंगेकडे पाहिलं.

"मला घरी यायला आवडतं," चिटणीस विंगेतून म्हणाले.

"मला घरी यायला आवडतं," कॅशियर म्हणाला.

"जिना चढताना मला दरवेळी बरं वाटतं."

"जिना चढताना मला दरवेळी बरं वाटतं."

अख्खं भाषण असंच झालं. हॉल इतका शांत होता की प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येत होतं, आधी विंगेतून, मग रंगमंचावरून. चिटणीसांना आवाज कमी करता येईना. शेवटच्या वाक्याला तिसऱ्या रांगेकडे बघायचं धाडस त्यांना झालं नाही.

नंतर लोकांनी डॉक्टरांना घेरलं. दार न ठेवण्याची काय कल्पना! आणि वाक्य दोनदा ऐकवायची! डॉक्टरांनी क्षणभर विचार केला. "खोट्या दारापेक्षा नसलेलं दार केव्हाही जास्त खरं," ते म्हणाले. "मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो." चिटणीस हातात संहिता घेऊन मागे उभे होते. त्यांना कुणी विचारलं नाही. एकाने विचारलं, चहा कुठे आहे म्हणून.

बायको बाहेर पायरीवर थांबली होती. दोघं चालत निघाले. त्यांनी धीर करून विचारलं, "कसं वाटलं?"

"आवाज तुमचाच होता."

"हो. तो विसरला."

"बरं झालं विसरला." मग थोडं चालून ती म्हणाली, "दाराशिवायच छान झालं, नाही?"

"सगळे तसंच म्हणतायत."

"मग माझं दार कशाला नेलंत?"

मॅनेजरला, वॉचमनला, वरच्या साहेबांना, सगळ्यांना देता येतील अशी उत्तरं चिटणीसांकडे होती. ती त्यांनी जिन्याखालीच ठेवली. ते जिना चढले. काकू चौकटीतल्या खुर्चीवर बसून होत्या. दोघांना बरोबर परत आलेलं पाहून जरा निराशच झाल्या आणि खाली गेल्या.

बायको सोफ्यावर बसली. "बसा," ती म्हणाली. "तो बाहेर उभा राहून जे बोलला ते आता तुम्ही बोला. मधे दार नाहीये."

चिटणीस बसले. घसा खाकरला. पहिलं वाक्य त्यांना पाठ होतं, तरी येईना. ते एकदाचं ओठावर आलं, तेवढ्यात पडदा सरकला आणि काका आत आले. "चिटणीस, मी सांगितलं होतं, बिजागऱ्या चुकीच्या..."

"काका," बायको म्हणाली, "जरा बाहेर थांबा. हे बोलतायत."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, चिटणीसांकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच काही सल्ला न देता मागे फिरले. पडदा सोडून ते चौकटीत आत पाठ करून उभे राहिले, दोन्ही हात दोन्ही बाजूंना टेकवून. खालून डॉक्टर आणि कॅशियर दाराचे दोन तुकडे घेऊन धापा टाकत जिना चढत होते.

"आत्ता नाही," काका त्यांना म्हणाले. "दार बंद आहे."